११३ दात्यांचा गिअर

आमच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर एक गिअर टांगलेला दिसेल. बिडाचा, आठ इंचांहून किंचित मोठा, दाते जरा जाडच. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याची नजर तिथे जाते आणि हा मोठ्या मानाने लावलेला पहिला जॉब (मशीनवर केलेली वस्तू) असणार, असं त्याला वाटतं. मानाचा आहे खरा, पण तो रिजेक्ट झालेला माल आहे. त्याला १२७ दाते हवे होते, पडले ११३.

सुरुवात आजोबांची. ते दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर होते. तिथून निघताना त्यांनी एक जुना लेथ (जॉब फिरवत ठेवून टूलने कापायचं मशीन) विकत घेतला आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. त्याचा बेड, म्हणजे ज्यावरून टूल सरकतं तो पाया, चकाजवळ (जॉब पकडतात तिथे) झिजलेला होता. "पहिली दोन फुटं सोडली तर मशीन उत्तम आहे," असं ते सांगायचे आणि वर जोडायचे, "काम सगळं त्याच दोन फुटांत असतं, एवढीच अडचण." लांब जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला बारीक, यायचा. मग शेवटचं थोडं मटेरियल ते कानस आणि पॉलिश पेपरने, दर बोटभर अंतरावर मायक्रोमीटर लावत काढायचे. त्यामुळे आमच्याकडे वेळ लागतो पण माप येतं, असं नाव झालं. यातलं पहिलं अर्धं नाव आम्हाला पुढे बरीच वर्षं नडलं.

काम होतं ते बहुतेक दुरुस्तीचं: झिजलेले शाफ्ट, बुश, तुटलेले स्क्रू. आणि दुरुस्ती म्हटली की आटे आलेच. आजोबांचा सगळ्यात मोठा फटका आट्यांचाच. अर्ध्या इंचाच्या स्टडची ऑर्डर होती. ड्रॉइंग नव्हतं, नुसतं तोंडी काम. त्यांनी हाताच्या सवयीने इंचाला १२ आटे पाडले. गिऱ्हाइकाच्या मशीनवरचे नट मात्र १३ आट्यांचे होते. नट दीड-दोन फेरे सुरेख जायचा आणि अडकायचा. सगळा लॉट भंगारात.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं विषयांतर करते. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एक माप सुचवलं, कोन ५५ अंश. त्याआधी ज्याचा कारखाना त्याचे आटे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नव्हतं. अमेरिकेने मात्र ६० अंशांचा कोन धरला. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचं 'युनिफाइड' नावाचं एक माप मान्य केलं. गंमत म्हणजे जाड आट्यांत पाव इंच, तीन अष्टमांश, पाऊण इंच अशा बहुतेक नेहमीच्या मापांत व्हिटवर्थ आणि युनिफाइड दोन्हींची इंचामागची संख्या सारखीच आहे. अर्ध्या इंचाला तेवढी फसगत: व्हिटवर्थला १२, युनिफाइडला १३. तेव्हापासून कुणी आट्यांचं काम घेऊन आलं की आजोबांचा पहिला प्रश्न असे, "घराणं कोणतं?" आजही आमच्या जॉब कार्डावर 'घराणं' असा रकाना छापलेला आहे. नवीन मुलं आधी हसतात.

तिसरं घराणं मेट्रिक. त्याची कामं वाढायला लागली तेव्हा बाबा नुकतेच शेडमध्ये उभे राहायला लागले होते. आमच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर चेंज गिअरमध्ये (जॉबच्या फिरण्याशी लीडस्क्रू जोडणाऱ्या, बदलता येणाऱ्या गिअरांमध्ये) १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर (१९५९ पासून तो अधिकृतपणे तेवढाच धरतात) आणि २५.४ ला पाचने गुणलं की १२७. आमच्याकडे तो गिअर नव्हता. आजोबा ४७ आणि ३७ ची जोडी लावून भागवायचे. भागाकार करून पाहा, १.२७ (१२७ भागिले १००) ऐवजी १.२७०२७ येतं. एखाद्या नटापुरत्या आट्यांत ही चूक कुणाच्या बापाला कळत नाही. पण एकदा अर्ध्या मीटरचा स्क्रू करायला आला. तेवढ्या लांबीवर ही चूक ०.१ मिलिमीटर होते, आणि तो स्क्रू एका मशीनचा टेबल सरकवणारा होता.

त्याच स्क्रूच्या निमित्ताने बाबांनी दुसरंही एक पाप केलं. इंचाच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफनट (टूल धरणाऱ्या कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा नसतो. कट संपला की टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवून कॅरेज परत आणायचं, पुन्हा कट. एकदा हाफनट सुटला की टूल पुन्हा त्याच खाचेत पडेल याचा भरवसा नाही. सातव्या कटाला बाबांनी सवयीने हाफनट उचलला. पुढच्या कटाला टूल आट्याच्या माथ्यावरून गेलं. आजोबा लांब दुसरं काम करत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "उघडलास?" आवाजावरून कळलं म्हणे.

मग बाबांनी ठरवलं, १२७ चा गिअर आपणच पाडायचा. मिलिंग मशीन होतं, डिव्हायडिंग हेड (जॉब मोजून तेवढाच फिरवायचं साधन) होतं. पण १२७ ही मूळ संख्या. हेडचं हँडल ४० फेरे फिरवलं की जॉब एक फेरा फिरतो. ४० ला १२७ ने भागायचं तर हँडलचे फेरे मोजायच्या प्लेटवर १२७ भोकांचं वर्तुळ हवं, ते कुणाच्या प्लेटवर असणार! त्यावरची युक्ती म्हणजे डिफरेन्शियल इंडेक्सिंग. १२० दाते पाडायचे आहेत असं समजून दर वेळी हँडल एक तृतीयांश फेरा फिरवायचं, आणि ५६ व २४ चे गिअर जोडून प्लेटच हळूहळू उलटी सरकवायची. १२७ वेळा एक तृतीयांश म्हणजे ४२ फेरे आणि वर एक तृतीयांश. ४० च्या वरचे ते २ आणि एक तृतीयांश फेरे प्लेट खाऊन टाकते.

बाबांनी हा हिशेब वहीत मांडला होता, बरोबर मांडला होता. जोडणीत एक आयडलर (दिशा उलटवणारा मधला गिअर) कमी पडला. त्यामुळे प्लेट उलटी सरकण्याऐवजी सुलटी सरकत राहिली. रात्री काम चालू होतं, एकेक दाता निघत होता. दाते जाड वाटत होते, पण बिडाच्या भुकटीत आणि दिव्याच्या उजेडात त्यांनी मनाची समजूत घातली. ११३ वा दाता झाला, हँडल फिरवलं, कटर पुढे घेतला, तर तो काहीच न कापता थेट पहिल्या खाचेत जाऊन बसला. अगदी चपखल. १२० मध्ये सात मिळवायचे होते, वजा झाले. हिशेबाच्या दृष्टीने इतकी निर्दोष चूक मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसरा ब्लँक (दाते पाडायची कोरी चकती) बरोबर आला. तो आजही लेथच्या मागच्या झाकणाआड आहे. पहिला भिंतीवर, आजोबांनी स्वतः टांगलेला.

पुढे वाटणी झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही. लेथ आमच्याकडे राहिला, मिलिंग काकांकडे गेलं, आणि डिव्हायडिंग हेड कुणाचं यावरून घरात काही महिने बोलणं बंद होतं. हेड शेवटी काकांकडे गेलं. आता चुलतभाऊ आमचे गिअर पाडून देतो, त्याचे लांब आटे आमच्याकडे येतात, आणि बिलं दोघंही उशिरा काढतो.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारा, लेथ बाबांनी कर्ज काढून घेतला, मी इंजिनिअरिंग संपवून आले त्या वर्षी. आजोबा तेव्हा काठी घेऊन चालायचे. त्यांनी काचेतून आटे पडताना पाहिले आणि विचारलं, "चेंज गिअर कुठे आहेत?" मी सांगितलं, स्पिंडलला एन्कोडर आहे, तो फेरे मोजतो, त्यावरून मोटर टूलला सरकवते, प्रोग्राममध्ये फक्त पिच (दोन आट्यांमधलं अंतर) लिहायची. "म्हणजे हाफनट उघडायची सोयच नाही," असं म्हणून त्यांनी बाबांकडे पाहिलं.

नव्या मशीनवरचा मोठा फटका माझ्या नावावर आहे. ॲल्युमिनियमची हाउसिंग, बेअरिंगसाठी ५० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक), मापाची मुभा एच ७, म्हणजे ५०.००० ते ५०.०२५ च्या आत. मशीन भराभर माल काढत होतं, जॉब उतरला की मी मोजत होते, ५०.००५, ५०.००६, सगळे पास. सकाळी तेच बोअर ४९.९९ च्या आसपास. ॲल्युमिनियम तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. जॉब १५ अंशांनी गरम असेल तर ५० मिलिमीटरला १७ मायक्रॉन सहज. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बाबा रागावले नाहीत. त्यांनी एक हाउसिंग उचललं, ११३ च्या शेजारी खिळा ठोकला आणि ते टांगलं.

मधल्या काळात आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीकडून यायचं. त्यांनी ते दुसरीकडे हलवलं, पत्रही आलं नाही, फक्त पुढच्या महिन्याचं शेड्युल आलं नाही. सीएनसी उभं आणि हप्ते चालू. त्या दिवसांत घर चाललं ते आजोबांच्या लेथवर, दुरुस्तीच्या कामांवर. एकाच स्क्रूसाठी सीएनसीचं सेटिंग करायला जो वेळ जातो, तेवढ्यात बाबा तो स्क्रू करून वर हात धुऊन मोकळे होत. तेव्हापासून एका गिऱ्हाइकाचं काम एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. दोनदा मोडलं आहे, मोह सुटत नाही.

गेल्या आठवड्यात एक जण जुन्या प्रेसचा तुटलेला स्क्रू कापडात गुंडाळून घेऊन आला. ड्रॉइंग नाही, बनवणारी कंपनी बंद होऊन जमाना झाला. आमच्या शिकाऊ मुलाने पिच गेज (आटे ओळखायच्या दातेरी पानांचा जुडगा) लावलं, उजेडाकडे धरून फट पाहिली, पान बदललं, पुन्हा पाहिलं. मग जॉब कार्ड पुढे ओढून 'घराणं'च्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि बाबांना हाक मारली.