२३ कॅसेटी, ३५ हजार आणि चिपळूणचा टीव्ही

२८ जुलै २०२४

चिपळूणच्या घरचा कॉम्प्युटर २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. तळमजल्यावर टेबलाखाली होता, वाशिष्ठीचं पाणी टेबलाच्याही वर चढलं. तेव्हापासून आई-अण्णांचं सगळं मोबाइलवर चाललं आहे: लाइट बिल, बँक, सातबारा, नातवंडांचे व्हिडिओ. अण्णांना त्या एवढ्याशा अक्षरांचा त्रास होतो. यंदा त्यांना पुन्हा घरचा कॉम्प्युटर द्यायचा, तोही स्वतः जुळवून, असं ठरवलं.

आणखी एक कारण आहे. काकांनी मस्कतहून आणलेला मिनी डीव्ही कॅमेरा आमच्याकडे होता. २००३ ते २०११ या काळातल्या २३ कॅसेटी माळ्यावर होत्या, म्हणून पुरातून वाचल्या. आजीचा आवाज आता फक्त त्यांच्यातच आहे. कॅमेरा अजून चालतो. पण तो किती वर्षं चालेल, हे कोणी सांगावं? त्यामुळे या कॉम्प्युटरला तीन कामं: रोजची किरकोळ कामं, दिवाणखान्यातल्या ४३ इंची ४के टीव्हीवर सिनेमे-गाणी-व्हिडिओ, आणि त्या कॅसेटी उतरवणं. बजेट ३५ हजार. टीव्ही घरात आहेच, वेगळा मॉनिटर नाही.

३ ऑगस्ट

आज लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. जाण्याआधी दोन आठवडे प्रोसेसरवर डोकं लावलं होतं. बहुतेक जण अशा कामाला रायझन ५ ५६००जी सुचवतात. ६ कोअर आहेत, ग्राफिक्सही थोडं दमदार. पण त्यातल्या वेगा ग्राफिक्सला एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. इंटेलच्या आय३-१२१०० मध्ये कोअर चारच, तरी त्याच्या यूएचडी ७३० ग्राफिक्सला एव्ही१, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे तिन्ही प्रकार उलगडता येतात. यूट्यूब एव्ही१ कडे सरकत चाललं आहे. आई-अण्णा रोज संध्याकाळी दोन-तीन तास तेच बघणार. हे काम कोअरवर पडलं की पंखा घोंघावतो, ग्राफिक्समधल्या व्हिडिओच्या भागावर पडलं की प्रोसेसर थंड राहतो. ज्यांना गेम खेळायचे नाहीत आणि पेटी टीव्हीशेजारी ठेवायची आहे, त्यांनी कोअर मोजण्याआधी ग्राफिक्सला कोणते प्रकार उलगडता येतात ते बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आय३-१२१००एफ थोडा स्वस्त मिळतो. त्यात ग्राफिक्स नसतंच, म्हणजे आपल्या कामाला शून्य. दुकानात एकाने तोच काढून दिला होता. खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

मदरबोर्डवर सगळ्यात जास्त वेळ गेला. या प्रोसेसरला चालणारे एच६१० चिपसेटचे बोर्ड लांबून सारखेच दिसतात, पण एचडीएमआय पोर्टात फरक असतो. काहींवर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, काहींवर ६० वर. "मॅडम, सब सेम है," काउंटरवरून उत्तर आलं. मी मोबाइलवर प्रत्येक मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान उघडून बघितलं. तिसऱ्या दुकानात ६० हर्ट्झवाला मिळाला, सहाशे रुपये जास्त देऊन. ३० हर्ट्झवर सिनेमा चालून जातो, पण माउसचा बाण फरफटत येतो. ज्यांच्या हाताला मुळातच माउसची सवय नाही, त्यांना तो सापडतच नाही. दुसरी अट होती एका पीसीआय एक्स्प्रेस एक्स१ स्लॉटची (जादा कार्ड लावायची छोटी खाच), कॅसेटींसाठी. त्याबद्दल पुढे.

हिशेब असा झाला: प्रोसेसर १०,४००, बोर्ड ६,३००, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम ३,४००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ३,३००, १ टीबी हार्ड डिस्क ३,४००, ४५० वॅटचा ब्राँझ पॉवर सप्लाय ३,१००, कॅबिनेट २,३००, वायरलेस कीबोर्ड-माउस १,३००, कॅसेटी उतरवायला फायरवायर कार्ड ९००. एकूण ३४,४००. सगळं जीएसटी बिलासकट. वॉरंटीसाठी बिल लागतंच, तिथे शे-दोनशे वाचवायला जाऊ नका.

१६ जीबीची एकच रॅम घेतली असती तर दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा राहिला असता. पण हे ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅमच वापरतं. ३२०० च्या एका पट्टीवर सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, दोनवर त्याच्या दुप्पट. म्हणून दोन.

११ ऑगस्ट

रविवारी दुपारी जुळवणी. इथे सांगण्यासारखं फार नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम २६६६ वर दिसली, रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर ३२०० झाली. सोबतच्या कूलरच्या पंख्याचा आलेख खाली आणला: ६० अंशांपर्यंत अगदी हळू, मग चढत जाईल असा. लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. हे जुलैतच आलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत चिपळूणला जाऊन पुन्हा मांडामांड नको.

ब्राउझर आणि एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर, दोन्हीत हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्सने व्हिडिओ उलगडणं) खरंच चालू आहे का, हे ग्राफिक्सवरचा भार दाखवणारा इंटेल जीपीयू टॉप उघडून तपासलं. व्हिडिओची पट्टी हलली पाहिजे. ती शून्यावर असेल तर चित्र दिसत असलं तरी सगळा भार कोअरच वाहत असतात. ४के एव्ही१ व्हिडिओ चालू असताना प्लगातल्या वॅटमीटरवर ३० च्या आसपास आकडा आला, नुसताच चालू असताना २२. दिवसाला पाच तास धरले तरी महिन्याला साडेचार युनिट.

ओटीटीबद्दल सरळ सांगते: लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये त्यांचं ४के मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारं हार्डवेअर पातळीचं संरक्षण तिथे नसतं. ते टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर बघायचं, असं आईला आधीच सांगून टाकलं.

२५ ऑगस्ट, चिपळूण

काल मांडवी एक्स्प्रेसने आणला. कॅबिनेट मूळ खोक्यात, थर्माकोल लावून, पूर्णवेळ मांडीवर. या कूलरचं वजन कमी असल्यामुळे काढला नाही. जड टॉवर कूलर असता तर मात्र काढूनच आणला असता.

पुराच्या धड्यामुळे पेटी फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायची असं माझ्या मनात होतं. त्यासाठी ५ मीटरची एचडीएमआय केबल आणली होती. लावली, आणि ४के ६० हर्ट्झवर दर दोन मिनिटांनी पडदा काळा. मधूनच पांढरे ठिपके. ४के ६० ला पूर्ण रंगांसकट सेकंदाला १८ गिगाबिटची वाट लागते, आणि साध्या तांब्याच्या ५ मीटर केबलमध्ये तो सिग्नल टिकेलच याचा भरवसा नाही. शेजारच्यांकडून ३ मीटरची प्रमाणित केबल आणून बघितली, तर एकदाही काळा झाला नाही. मग केबलपेक्षा टीव्हीच हलवला, फडताळाच्या बाजूच्या भिंतीवर. पेटी वरच राहिली. कप्प्याची मागची फळी सुताराकडून कापून घेतली, हवा खेळायला.

टीव्हीला कॉम्प्युटर लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि मराठी वाचणाऱ्यांसाठी तर फारच महत्त्वाची. टीव्ही सुरुवातीला प्रत्येक इनपुटला सिनेमाच समजतो, आणि रंगांची माहिती चार ठिपक्यांना एक अशी कमी करतो. सिनेमात ते कळत नाही. पण लाल किंवा निळ्या अक्षरांतले रफार, अनुस्वार आणि वेलांट्या पुसट होतात. इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं आणि त्या पोर्टची अल्ट्रा एचडी डीप कलर की काय ती सेटिंग चालू केली, की अक्षरं एकदम कोरीव. कडा कापल्या जात असतील तर चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' वर ठेवा. त्यानंतर २०० टक्के स्केलिंग. अण्णा सोफ्यावर बसून, चष्मा न शोधता, बँकेचं पान वाचू शकले.

कीबोर्डवर देवनागरीच्या इनस्क्रिप्ट रचनेचे स्टिकर चिकटवले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही रचना अण्णांना तासाभरात पटली. शाळेत आयुष्यभर बाराखडी शिकवलेल्या माणसाला ती पटणारच.

२६ ऑगस्ट

सकाळी आई म्हणाली, "अगो, तुझ्या त्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात."

मी घाबरले. मल्टिमीटर लावला, कॅबिनेट आणि न्यूट्रल यांच्यात ११० व्होल्टच्या आसपास. पॉवर सप्लाय बिघडलेला नव्हता. या सप्लायच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघांचं दुसरं टोक कॅबिनेटला. अर्थ जोडलेली असेल तर तो किंचितसा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थ तुटलेली असेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह फार थोडा असतो, पण ओल्या हाताला चांगलाच जाणवतो, आणि एचडीएमआय लावता-काढताना पोर्टही जाऊ शकतो. शिवाय उद्या दुसऱ्या एखाद्या उपकरणात खराच लीकेज झाला तर वाचवायला काही नाही.

तीन भोकांचा सॉकेट होता, हिरवी वायरही होती. वायरमन काकांनी अंगणात अर्थिंगची जागा उकरली तेव्हा कळलं, जोडाची पट्टी गंजून पार तुटली होती. पुरानंतर घरात वायरिंग नवीन झालं, अर्थिंगकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. नवा पाइप, कोळसा-मीठ, नवी पट्टी, २,२०० रुपये. आता कॅबिनेटवर मीटर शून्य दाखवतो. हा खर्च बजेटबाहेरचा, पण माझ्या मते सगळ्यांत आधी करायचा. मी डोंबिवलीत जुळवणी केली आणि या घरचा सॉकेट तपासलाच नाही, ही चूक मला मान्य आहे. तुम्ही घरच्यांसाठी पेटी बनवत असाल तर पहिल्या दिवशी प्लग लावण्याआधी टेस्टर नाही, मीटर लावून अर्थ बघा.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

गणपतीतही आले होते, पण घर भरलेलं, कॅसेटींना हात लावला नाही. खरं काम सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं आणि ते अण्णा करताहेत.

मिनी डीव्हीत चित्र मुळातच डिजिटल असतं. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीतून आणि यूएसबीच्या स्वस्त डबीतून ते उतरवलं तर आधी ॲनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि दोन्ही वेळा काहीतरी गळतं. फायरवायरमधून कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा येतो. त्यासाठीच तो एक्स१ स्लॉट आणि नऊशे रुपयांचं कार्ड. कॅमेऱ्याच्या बाजूला ४ पिनांचं टोक, कार्डाच्या बाजूला ६ पिनांचं. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवायचा. मिंटमध्ये कार्ड लगेच ओळखलं गेलं, वेगळा ड्रायव्हर लागला नाही. डीव्हीग्रॅब नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, मी त्याची आज्ञा एका फाइलीत लिहून डेस्कटॉपवर 'कॅसेट भर' असं चिन्ह करून दिलं. चित्रीकरण जिथे थांबवलं होतं तिथे तो आपोआप नवी फाइल सुरू करतो.

तासाच्या कॅसेटला तासच लागतो. अण्णा वही घेऊन शेजारी बसतात आणि कोण, कुठे, कधी ते लिहितात. चित्रातल्या माणसांची नावं सांगणारं आता घरात तेवढंच कोणी उरलं आहे, त्यामुळे ती वही मला फाइलींइतकीच मोलाची वाटते. एका तासाचे १३ जीबी होतात, २३ कॅसेटींचे साधारण ३०० जीबी. मूळ फाइली हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर माझ्याकडे डोंबिवलीत. पूर पाहिलेल्या घरात दोन्ही प्रती एका छताखाली ठेवायच्या नाहीत.

बघण्यासाठी वेगळ्या, लहान आकाराच्या एच.२६४ प्रती केल्या, त्यात तीन गोष्टी शिकले. कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींचं असतं. त्यांच्या २५ पूर्ण चौकटी केल्या तर हलणारा हात कंगव्यासारखा फाटतो. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधल्या बीडब्ल्यूडिफ फिल्टरने ५० पूर्ण चौकटी केल्या आणि हात फाटणं थांबलं. डीव्हीत खालच्या ओळी आधी येतात, हा क्रम उलटा सांगितला तर माणसं पुढे-मागे थरथरतात. माझ्या पहिल्या दोन फाइली अशाच झाल्या. तिसरं म्हणजे ७२० गुणिले ५७६ चा ठिपका चौकोनी नसतो. चित्र ७६८ रुंदीला ताणलं तेव्हा आजीचा चेहरा पुन्हा तिच्यासारखा गोल झाला.

टीव्हीवर व्हिडिओ दाखवणाऱ्या कोडी या प्रोग्रॅममध्ये 'डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवा' चालू केलं आहे. ५० चं चित्र ६० हर्ट्झवर दाखवलं की दर काही चौकटींनी एक अडखळ येते. झोपाळा हलताना ती अगदी स्पष्ट दिसते. आता व्हिडिओ सुरू झाला की टीव्ही स्वतःहून ५० वर जातो. टीव्हीच्या रिमोटवर कोडी चालत नाही, कारण या बोर्डावरून तसा संकेत जातच नाही. यूएसबीची पिन असलेला साधा एअर माउस रिमोट घेतला. आईला बाणांची चार बटणं आणि मधलं ओके एवढंच लागतं.

आज पूजेनंतर २००६ ची दिवाळी लावली. आजी किल्ल्यावर हळीव पेरताना दिसली आणि म्हणाली, "पाणी बेताने घाल गो." माझ्या मुलाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याने तेवढाच तुकडा चार वेळा लावायला सांगितला.

१७ नोव्हेंबर

२१ कॅसेटी झाल्या. १४ आणि १९ नंबरच्या राहिल्या आहेत. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. त्या कॅमेऱ्यात घातल्या तर बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागेल आणि एकमेव चालता कॅमेरा हातचा जाईल, म्हणून अण्णांना हात लावू दिलेला नाही. दोन्ही सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत. १९ वर अण्णांच्या अक्षरात 'आईची पंच्याहत्तरी' असं लिहिलं आहे. मिनी डीव्हीची बुरशी कोणी स्वतः साफ केली असेल, किंवा असं काम हाताने करणारा जाणकार माहीत असेल, तर पद्धत सविस्तर सांगा. टेप दुसऱ्या कवचात बदलून घ्यायची का, की आधी कोरड्या कापडाने फिरवायची, यावर माझं अडलं आहे.