मंगळवारी येणारा बास ॲम्प

बास ॲम्प (बास गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) निवडायला मला एक रविवार लागला आणि तो घरी यायला तेवीस दिवस. राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे निवडीचं आधी पटकन उरकतो.

घरी रात्री जेवणं झाल्यावर सराव करायचा आणि शनिवारी जॅम रूममध्ये तालीम, असं दोन्हीकडे चालणारं काहीतरी हवं होतं. घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधीचा ॲम्प मित्राचा होता. तो उतरवायला ड्रमरला वर बोलवावं लागायचं आणि तो दर वेळी चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. फेंडर कंपनीच्या रंबल मालिकेतला ४० वॉटचा, १० इंची स्पीकरवाला साधारण आठ किलोंचा आहे आणि १०० वॉटचा, १२ इंची दहा किलोंचा. जेमतेम दोन किलोंचा फरक, म्हणून १००. वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. पण बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर, म्हणजे अगदी खालच्या सुरात वाजते आणि तिला खूप ताकद लागते. ड्रमर रंगात आला की ४० वॉटचा ॲम्प घसा बसल्यासारखा फाटायला लागतो. घरापुरता हवा असेल तर ४० पुष्कळ.

आता दुकान.

दुकानदार म्हणाले, "माल मुंबईत पोचलाय साहेब, मंगळवारी हातात." पाच हजार ॲडव्हान्स दिला. पावतीवर मॉडेलचं नाव लिहून घेतलं नाही, नुसतं 'बास ॲम्प' लिहिलेलं. ही चूक करू नका. मंगळवारी फोन केला तर "गाडी निघालीये." पुढच्या मंगळवारी "गाडी आली, पण त्यात तुमचा पीस नव्हता." मी विचारलं, मग कोणाचा होता? त्यावर ते मनापासून हसले. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी ऑफिसातून हाफ डे टाकून स्वतःच गेलो. काउंटरवर एक गिटार ॲम्प ठेवलेला. "हाच घेऊन जा, सेमच आहे, पावतीवर बास ॲम्पच लिहिलंय ना?" म्हटलं, काका, यात बास जोरात वाजवला तर स्पीकर जाईल. तर म्हणे, "हळू वाजवा." एवढ्यात आतून कोणीतरी कीबोर्डचा ॲम्प आणून ठेवला. तासभर मी स्टुलावर. मध्ये तबल्याच्या वादीसाठी (चामड्याच्या पट्टीसाठी) तीन गिऱ्हाईकं येऊन गेली, दोन चहा झाले. पैसे परत मागितले तर "ॲडव्हान्स परत होत नाही, दुसरं काही घ्या." दुसरं काय घेऊ, हार्मोनियम?

शेवटी कामावरच्या पोराला माझी दया आली असावी. तो हळूच म्हणाला, वर माळ्यावर एक खोकं आहे, बघू का? ड्रमच्या खोक्यांखाली, धूळ खात, तोच ॲम्प! पहिल्या दिवसापासून तिथेच. दुकानदार एवढंच म्हणाले, "बघा, आला की नाही मंगळवारी!"

खरं सांगतो, त्या क्षणी भांडायचं त्राण नव्हतं. पण तिथेच खोकं उघडायला लावलं. बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतला. माझा बास आणि माझीच केबल नेली होती (दुकानातली केबल खरखरते आणि दोष ॲम्पवर जातो). टोनची सगळी बटणं मध्यावर ठेवून जाड तार मोकळी छेडली आणि विरेपर्यंत ऐकली. ॲम्पची पेटी खडखडत असेल तर याच सुरावर कळतं.

आणखी एक आठवलं. न्यू जर्सीचा मावसभाऊ "मी तिकडून आणतो, स्वस्त पडेल" म्हणत होता. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार, म्हणजे पुन्हा वजन. त्याला चॉकलेटं आणायला सांगितली.

मोठ्या कॉम्बोंचे (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतो ते) वॉट वाचताना तळटीप बघा. रंबल ५०० नुसता घेतला तर ३५० वॉटच देतो. पूर्ण ५०० हवे असतील तर आणखी एक स्पीकरची पेटी जोडावी लागते.

घरी पहिल्या रात्री ॲम्प कोपऱ्यात ठेवला आणि खालच्या काकूंनी दार वाजवलं. कोपऱ्यात बास फुगतो आणि स्लॅबमधून थेट खाली उतरतो. आता भिंतीपासून पुढे, जाड फोमवर ठेवतो. साडेनऊनंतर हेडफोन, ते लावले की स्पीकर आपोआप बंद होतो. काकू परवा जिन्यात म्हणाल्या, "विकलंस वाटतं ते?"

मी नुसती मान हलवली.