तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅनिशचे वाक्प्रचार नक्की कुठल्या देशाचे शिकायचे?

स्पॅनिश शिकणाऱ्यांचं व्याकरण थोडं रुळलं की हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकातलं सगळं समजतं, पण मेक्सिकोचा माणूस एक बोलतो आणि अर्जेंटिनाचा भलतंच. मग पाठ तरी काय करायचं? माझं उत्तर असं: बोलायला एकाच देशाचे वाक्प्रचार घ्या, ऐकायला मात्र सगळीकडचे. आणि ‘शंभर वाक्प्रचार’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा. त्यांत नुसता अर्थ असतो आणि नुसत्या अर्थावर भागत नाही.

का, ते एका उदाहरणावरून पाहा. एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली की मेक्सिकोत म्हणतात, ‘मे कायो एल बेइन्ते’. शब्दशः, मला वीस पडलं. हे वीस म्हणजे 20 सेंताबोंचं नाणं. सार्वजनिक टेलिफोनमध्ये ते खाली पडलं की फोन जोडला जायचा. अर्जेंटिनात नाण्याच्या जागी टोकन येतं, ‘ला फिचा’. शिवाय ब्युनोस आयर्सच्या उच्चारात ‘कायो’चं ‘काशो’ होतं, म्हणून माहीत असलेला शब्दही कानाला अनोळखी वाटतो. स्पेनमध्ये याच अर्थानं ‘काएर एन ला कुएन्ता’ म्हणतात.

क्रियापद तिन्हीकडे ‘काएर’, म्हणजे पडणे. पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात पडतं ते नाणं किंवा टोकन, आणि ज्याच्या लक्षात येतं तो ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ असा येतो: मे, ते, ले. स्पेनमध्ये मात्र माणूसच कर्ता, म्हणून ‘काई एन ला कुएन्ता’. दोन्हींची सरमिसळ करून ‘यो काई एल बेइन्ते’ म्हटलं की वाक्य मोडलंच. मराठी माणसाला पहिली रचना खरं तर सोपी जायला हवी, कारण आपणही ‘मला आठवलं’, ‘मला सुचलं’ असंच म्हणतो.

म्हणून वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे अर्थाच्या जोडीला तीन गोष्टी लिहा: कर्ता कोण, देश कोणता, आणि कुणासमोर चालतो.

शोधताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडतात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं कोशात सापडत नाही. आधी क्रियापद मूळ रूपात आणा. अर्जेंटिनात ‘पोनेते लास पीलास’ ऐकाल, मेक्सिकोत ‘पोन्ते लास पीलास’. दोन्हींचं मूळ ‘पोनेर्से लास पीलास’, कंबर कसून कामाला लागणे. मग क्रियापदाखाली न शोधता नामाखाली शोधा, इथे ‘पीला’. स्पॅनिश अकादमीचा कोश वाक्प्रचारात नाम असेल तर ते तिथेच देतो. अर्थाआधीची छोटी संक्षिप्त रूपं वगळू नका. देश आणि बोलीचा दर्जा तिथेच कळतो. लॅटिन अमेरिकेसाठी ‘डिक्सिओनारिओ दे अमेरिकानिस्मोस’ (2010) आणि मेक्सिकोसाठी एल कोलेखिओ दे मेक्सिकोचा कोश, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. एखादा प्रयोग आज कुठे चालतो हे पाहायचं तर अकादमीच्या ‘कॉर्पेस’ या भाषासंग्रहात देशानुसार शोधता येतं.

कधी प्रतिमा तीच राहते आणि तपशील बदलतो. उगाच फाटे फोडणाऱ्याबद्दल स्पेनमध्ये मांजराचे ‘तीन पाय’ शोधतो म्हणतात, अर्जेंटिनात ‘पाचवा पाय’. तुमच्या ऐकण्यात चूक झालेली नसते.

मला जास्त काळजी वाटते ती ओळखीच्या शब्दांची. अनोळखी वाक्प्रचार आला की आपण थांबून विचारतो. ओळखीचा आला की थांबतच नाही. ‘मे दा पेना’ म्हणजे स्पेनमध्ये मला वाईट वाटतं, तर मेक्सिको-कोलंबियात मला संकोच वाटतो. वाक्य दोन्ही अर्थांनी जुळतं, त्यामुळे गैरसमज उघडकीलाही येत नाही. ‘आओरिता’ मेक्सिकोत आत्ता, थोड्या वेळानं, किंवा नुकतंच. पोर्तो रिकोत बहुधा नंतर. कामाची वेळ ठरवत असाल तर थेट तास विचारून घ्या.

‘कोखेर’ हे क्रियापद स्पेन आणि कोलंबियात बस पकडायला बिनधास्त वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे, तिथे ‘तोमार’ म्हणा. कोलंबियात ‘नो दार पापाया’ म्हणजे कुणाला फायदा घ्यायची संधी न देणे, आणि ते सर्रास म्हटलं जातं. क्युबात पापाया हा शब्दच असभ्य, फळाला तिथे ‘फ्रुता बोम्बा’ म्हणतात.

त्यामुळे नवा वाक्प्रचार स्वतः वापरण्याआधी समोरच्याला दोन प्रश्न विचारा. ‘एस्तो सुएना ग्रोसेरो?’, हे असभ्य वाटतं का? आणि ‘से दिसे तांबिएन एन ओत्रोस पाइसेस?’, इतर देशांतही म्हणतात का? पहिल्याचं उत्तर खात्रीचं मिळतं. दुसऱ्याचं कोशात पडताळून पाहा, कारण आपल्या बोलीतला शब्द सगळीकडेच चालतो असं बहुतेकांना वाटत असतं.