कळण्याची भाकरी आणि गूगलचे पहिले पान

पाचोऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर आपल्या घरगुती उद्योगाचे संकेतस्थळ सुरू केले. कळण्याचे (ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेले) पीठ, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड आणि खान्देशी काळा मसाला एवढाच तिचा माल. पण तो चोख, आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या मंडळींना हवाहवासा. तरीही पोळा उलटून गेला आणि संकेतस्थळावरून एकही मागणी आली नाही. तेव्हा तिने मला फोन केला. "भाऊ, दुकान तर मांडलं, पण दुकानापुढून रस्ताच जात नाही असं वाटतंय." दुसऱ्यांच्या संकेतस्थळांची देखभाल करणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने पुढचे काही रविवार मी तिच्या पानांवर घालवले. त्या कामात जे आढळले ते मराठीत लिहिणाऱ्या आणि विकणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

रोग्याची नाडी आधी पाहावी, त्याप्रमाणे मी पहिल्यांदा गूगलच्या चौकटीत इंग्रजी 'साइट' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि लगेच तिच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहून पाहिला. असे केल्याने त्या संकेतस्थळाची कोणती पाने गूगलच्या दप्तरी आहेत याचा ढोबळ अंदाज येतो. तिचे एकही पान तेथे नव्हते. तिचे संकेतस्थळ ज्यावर बांधले आहे त्या वर्डप्रेस या प्रणालीच्या सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांना या संकेतस्थळापासून परावृत्त करा' अशा अर्थाची एक चौकट असते. काम अर्धवट असताना तिच्यावर खूण करतात आणि काम संपल्यावर ती काढतात. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने ती खूण तशीच राहू दिली होती. म्हणजे पाटी लावली, दिवे लावले आणि शटर मात्र खालीच ठेवले. इतक्या साध्या चुकीपायी चार महिने वाया गेले याचा मला राग आला. बहिणीला मात्र हसू आले.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. आधी त्याचा रोबो एका पानावरून दुव्यादुव्याने दुसऱ्या पानावर जातो, मग वाचलेल्या मजकुराची सूची तयार होते, आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून उत्तरे काढून त्यांचा क्रम लावला जातो. एसईओ, म्हणजे आपले पान शोधयंत्रात सापडावे आणि वर दिसावे यासाठीची खटपट, म्हणताच बहुतेकांचे लक्ष एकदम तिसऱ्या टप्प्याकडे जाते. पहिल्या दोन टप्प्यांतच अडकून पडलेल्या पानाचा क्रम कोण लावणार? मी ती खूण काढली, सगळ्या पानांचे पत्ते असलेली साइटमॅपची फाइल गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात दिली आणि काही दिवसांत मुखपृष्ठ गूगलच्या सूचीत आले.

पण ते आले 'होम' या शीर्षकाने. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे शीर्षक हाच शोधनिकालातल्या निळ्या ओळीचा मुख्य आधार असतो, आणि तिच्या सहाही पानांची शीर्षके 'होम', 'प्रॉडक्ट्स', 'अबाउट अस' अशी साच्यातून काढलेली होती. पीठ विकणाऱ्या बाईच्या पानावर 'पीठ' हा शब्द शीर्षकात नसावा, हे मला डब्यावर चिठ्ठी न लावता मसाले फळीवर मांडून ठेवण्यासारखे वाटले. शीर्षके बदलणे हे पाच मिनिटांचे काम होते.

खरी अडचण मजकुराची निघाली. पिठाची सगळी माहिती, म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळतात, मीठ कधी घालायचे, भाकरी थापताना पाणी कोमट का घ्यायचे, हे सारे एका सुंदर रंगीत चित्रात छापलेले होते. माणसाला ते वाचता येते. यंत्राला अशा चित्रातले शब्द मजकुराइतके खात्रीने मिळत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर तेथे काहीच सापडत नाही. बहिणीकडे तो मजकूर फाइलीत होता, पण गावातल्या डीटीपीवाल्याने तो युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत रूढ होण्याआधीच्या) काळातल्या फॉन्टमध्ये बसवला होता. ती फाइल पानावर चिकटवली, तर 'भाकरी'च्या जागी रोमन अक्षरे आणि कंसांचा खिचडा उमटला. जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरे रोमनच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवलेले असते. आणि शोधयंत्र रूप पाहत नाही, ते आतला संकेतांक वाचते. आपल्याकडच्या कित्येक संस्थांची स्मरणिका, अहवाल आणि स्थानिक इतिहासाची टिपणे अशाच फॉन्टमध्ये पीडीएफ होऊन जालावर पडलेली आहेत, आणि ती असूनही कोणाला सापडत नाहीत. बहिणीचा मजकूर मी एका संध्याकाळी नव्याने टंकून काढला.

टंकताना शब्दांचा प्रश्न पुढे आला, आणि माझ्या मते मराठी एसईओचा जीव येथेच आहे. पानावर मी 'कळण्याची भाकरी' असे लिहिले. बहीण म्हणाली की तिच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या बायका 'कळणाची भाकरी' म्हणतात. सर्च कन्सोलमध्ये कोणते शब्द शोधल्यावर आपले पान दाखवले गेले याची यादी मिळते, आणि ही नोंद सोळा महिन्यांपर्यंतची पाहता येते. पुढे त्या यादीत दोन्ही रूपे आली. शिवाय 'कळणा भाकरी' आले, आणि हेच सगळे रोमन लिपीत चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलेही आले. आपल्या प्रदेशाचे नावच घ्या ना. कोणी 'खान्देश' लिहितो, कोणी 'खानदेश', कोणी 'खांदेश'. 'भरीत' आणि 'भरित' यांची तीच गत आहे. शोधयंत्र आता पुष्कळ शहाणे झाले आहे आणि यांतली काही रूपे ते एकच मानते, पण मराठीच्या बाबतीत त्याच्यावर सर्वस्वी विसंबून राहावे असे मला अजून वाटत नाही.

याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजीत नामाची रूपे एक-दोन असतात. मराठीत 'वांगे' या शब्दाला प्रत्यय लागण्याआधी सामान्यरूप होऊन 'वांग्या' बनते आणि मग त्यातून वांग्याचे, वांग्याला, वांग्यात, वांग्यांची अशी फौज उभी राहते. 'पीठ' प्रत्यय लागताच 'पिठा' होते, म्हणजे पहिली वेलांटीच बदलते. त्यामुळे एखादा ठरावीक शब्द पानभर दहा वेळा यावा, हा इंग्रजी पुस्तकी सल्ला मराठीत लावला की वाक्ये लंगडी होतात: 'आमच्याकडे कळणा पीठ मिळेल, कळणा पीठ उत्तम, कळणा पीठ ऑर्डर करा.' अशी वाक्ये मी रोज पाहतो आणि ती लिहिणाऱ्याची मला दया येते. उलट साधे, प्रवाही मराठी लिहिले की विभक्तीची वेगवेगळी रूपे आपोआप पानावर येतात. कळण्याच्या पानावर मी शेवटी एवढेच केले की शीर्षकात 'कळण्याचे पीठ' ठेवले, पहिल्या परिच्छेदात 'काही घरांत हिला कळणाची भाकरी असेही म्हणतात' असे खरे असलेले वाक्य घातले, आणि रोमन लिपीतले नाव पानाच्या पत्त्यात दिले.

पत्त्याविषयी थोडे विषयांतर करतो. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि गूगलला तो चालतोही. पण तो व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. 'केळी' या शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हे आहेत. त्यांची ३६ अक्षरे होतात. ज्यांचे निम्मे गिऱ्हाईक नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून येते, त्यांनी पत्ता रोमन ठेवावा हे माझे मत आहे.

दुसरी एक खोच तर माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला प्रथमच दिसली. बहिणीच्या संकेतस्थळावरच्या शोधचौकटीत मी 'पाचोऱ्याचे' असा शब्द घातला आणि डोळ्यांसमोर तो शब्द असलेले पान असताना उत्तर 'काही सापडले नाही' असे आले. तासभर डोके खाजवल्यावर उलगडा झाला. यातला अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा लिहितो, तो दोन प्रकारे टंकता येतो: एक तर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्हींचे रूप हुबेहूब सारखे, संकेतांक वेगळे. तिने तो शब्द मोबाइलवर टंकला होता, मी संगणकावर. मग सगळ्या पानांवर मी एकच पद्धत ठेवली.

या सुमारास बहिणीला एका कंपनीचा फोन आला, की महिन्याभरात पहिल्या पानावर पहिला क्रमांक देतो, निम्मे पैसे आगाऊ द्या. तिने मला विचारले आणि मी नको म्हणालो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे, आणि केलेल्या सुधारणांचे फळ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागते असेही तेथे म्हटले आहे. अर्थात मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. या धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या पानाच्या तळाशी मी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव असे सगळे तालुके कोंबले होते, आणि मेटा कीवर्डच्या, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या, रकान्यात तर बाजारच भरवला होता. तो रकाना क्रम लावताना आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते, आणि तरीही मी तो पुढे कितीतरी दिवस भक्तिभावाने भरत राहिलो. पुढे २०११ साली पांडा आणि २०१२ साली पेंग्विन या नावांचे बदल गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत आले. पहिल्याने उथळ, उसनवारीची पाने मागे ढकलली आणि दुसऱ्याने विकतच्या दुव्यांचा खेळ बिघडवला. माझ्या त्या गिऱ्हाइकाचे पान कुठल्या कुठे गेले आणि त्याला तोंड दाखवणे मला जड झाले.

दुव्यांना मात्र किंमत आहे, आणि ती पहिल्यापासून आहे. स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली पेजरँकची कल्पना हीच होती, की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस समजावी, आणि ज्याची शिफारस पुष्कळांनी केली आहे त्याच्या शब्दाला जास्त वजन द्यावे. रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात नवा व्यापारी आला की लोक याच रीतीने त्याची पारख करतात: किती जण ओळखतात हे तर पाहतातच, पण जे ओळखतात ते स्वतः कोण आहेत हेही पाहतात. बहिणीला असा दुवा विनासायास मिळाला. खान्देशी पदार्थांविषयी लिहिणाऱ्या एका गृहिणीने तिच्याकडचे पीठ मागवले, भाकरी आणि भरिताचा बेत केला आणि कृतीखाली पीठ कोठून घेतले ते लिहिले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याविषयी, आणि त्या वांग्याबरोबर कळण्याचीच भाकरी का लागते याविषयी, बहिणीनेही एक पान लिहावे असे मी सुचवले आहे. असे पान वाचून कोणाला दुवा द्यावासा वाटेल. 'आमची उत्पादने' या पानाला कोण आणि का दुवा देईल?

वेगाचे काम मी एका बैठकीत उरकले. फोनने काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तिने जसेच्या तसे चढवले होते. ते वेबपी या कमी आकाराच्या चित्रस्वरूपात लहान करून घेतले आणि प्रत्येकाला 'तव्यावर फुगलेली कळण्याची भाकरी' असे खरे वर्णन दिले. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. खेड्यातल्या डळमळत्या नेटवर्कवर फोटोंच्या ओझ्याने तिचे पान त्याच्या आसपासही नव्हते; आता ते बऱ्यापैकी लवकर उघडते. नकाशावर दुकानाची नोंदही केली. स्थानिक निकालांत मागणीशी जुळणे, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात. पैकी अंतर आपल्या हाती नसते, परंतु तिची खूण चुकून शेजारच्या गल्लीत पडली होती, ती सरकवून घेतली.

सध्या आम्ही एका नव्या पानावर आहोत. सर्च कन्सोलच्या यादीत 'कळण्याचे पीठ किती दिवस टिकते' असा प्रश्न दिसू लागला आहे, आणि फोनवरही गिऱ्हाइके हेच विचारतात असे बहीण सांगते. मी तिला उत्तर लिहून पाठव म्हणालो, तर तिने ते बोलून पाठवले. ध्वनिफितीत मागे गिरणीची घरघर चालू आहे. उन्हाळ्यात चालते, म्हणाली, पण पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका, पिठाला जाळी धरते. मी ते पानावर घेताना सवयीने 'पीठ खराब होते' असे लिहिले होते. तिने वाचून लगेच फोन केला आणि 'जाळी धरते' हेच ठेवायला लावले; विचारणाऱ्या बायका तोच शब्द वापरतात, असे तिचे म्हणणे आहे.