सुई लावली की पसरतो म्हणे!

मामांच्या स्वादुपिंडात गाठ. बायोप्सीचा, म्हणजे सुईनं गाठीचा नमुना घ्यायचा, विषय निघाला. "सुई लावू नका, कॅन्सर पसरतो," हे अख्ख्या राजारामपुरीचं मत. आज डॉक्टरांना थेट विचारलंच. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर जठर काढलं, त्यामागं स्वादुपिंड. पेशी सुईच्या वाटेवर सांडू शकतात, पण क्वचित. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडं असली तर सुई लहान आतड्यातून जाते आणि व्हिपल ऑपरेशनमध्ये, म्हणजे ते डोकं काढण्याच्या ऑपरेशनमध्ये, आतड्याचा तो भागही निघूनच जातो. शेपटीकडं असली तर जठरातून. ती वाट आत राहते. मामांची नेमकी शेपटीकडं. पण स्कॅन स्पष्ट असेल, गाठ निघण्यासारखी असेल, तर बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशन करता येतं. आधी केमो द्यायची तर मात्र बायोप्सी लागतेच. गल्लीतल्या तज्ज्ञांना हे कोण सांगणार? मामांचा प्रश्न वेगळाच: "तांबडा रस्सा चालंल न्हवं?"