कायद्याला न दिसणारा कारखाना

माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षे यंत्रमाग चालवला. आज त्यांच्याशी बोलायचे असेल तर उजव्या कानाजवळ जाऊन, मोठ्याने आणि सावकाश बोलावे लागते. ते जिथे कामाला जात त्या जागेला ते स्वतः, मालक आणि आम्ही सगळेच कारखाना म्हणत होतो. खाली माग, वर मालकाचे घर आणि दोन्ही पाळ्या मिळून आठ माणसे, असा तो कारखाना होता. पुढे मी कामगारांच्या सुरक्षिततेचे आणि आरोग्याचे कायदे वाचायला घेतले, तेव्हा पहिल्याच पानांवर कळले की कायद्याच्या व्याख्येत तो कारखाना बसतच नव्हता.

कारखाने अधिनियम, १९४८ हा आपल्या देशातला या विषयावरचा पायाभूत कायदा. वीज वापरून उत्पादन होत असेल आणि १० किंवा अधिक कामगार असतील, किंवा विजेविना काम चालत असेल आणि २० किंवा अधिक कामगार असतील, तर ती जागा कारखाना ठरते, असे त्यात सांगितले होते. एकदा जागा या व्याख्येत आली की कायदा बारकाईने बोलू लागे. यंत्राच्या फिरत्या भागांना भक्कम आडोसा असावा, हवा खेळती असावी, प्रथमोपचाराची पेटी हाताशी असावी, आग लागल्यास सर्वांना सुखरूप बाहेर पडता यावे, हे सारे त्यात होते. कापसाच्या तुसामुळे होणारा फुफ्फुसांचा विकार आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हे दोन्ही त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोग म्हणून नोंदलेले होते, आणि असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणे बंधनकारक केलेले होते.

गोंगाटाविषयीचे नियम तर आकड्यांत बोलतात. आवाज ९० डेसिबल असेल तर ८ तास काम करता येते, ९५ असेल तर ४ तास आणि १०० असेल तर केवळ २ तास. धोट्याचे माग एका छताखाली ओळीने चालू असले की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावे लागते, हे पूर्व भागात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. वडिलांची पाळी बारा तासांची असे. त्यांच्या कानावर आदळणारा आवाज मोठ्या गिरणीतल्या मागवाल्याच्या कानावरच्या आवाजाहून तसूभरही कमी नव्हता. फरक होता तो फक्त हजेरीपटावरच्या माणसांच्या संख्येत.

विडी कामगार स्त्रियांची गोष्ट याहून वेगळी नाही. त्यांच्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा झाला आणि घरी पाने-तंबाखू नेऊन विड्या वळणारीलाही त्याने कामगार मानले, ही मोठीच गोष्ट होती. पण खेळत्या हवेच्या आणि स्वच्छतेच्या ज्या तरतुदी त्यात होत्या त्या कारखान्याच्या जागेला लागू होत्या. जिथे तंबाखूची धूळ प्रत्यक्ष उडते त्या एका खोलीच्या घराला त्या लागू नव्हत्या.

आता १९४८ आणि १९६६ च्या या दोन्ही कायद्यांसह एकूण १३ कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० करण्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे तिने सक्तीचे केले आहे, याचे मी मनापासून स्वागत करतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्या आमच्याकडच्या मागवाल्याचा अपघात झाला की तो तिथे कामाला होता हे सिद्ध करण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. मालकाने कर्तव्य टाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि त्या दंडाचा किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मात्र याच संहितेत कारखान्याची व्याख्या विजेसह २० आणि विजेविना ४० कामगार अशी वर नेली आहे. १० कामगारांच्या आस्थापनेला सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात हे खरे, पण दहाच्या खाली पुन्हा तोच अंधार आहे.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. त्यात मालकाच्या घरचे होते तसेच कामगारांच्या घरचेही होते. माग, सुताचा साठा आणि राहती खोली एकाच इमारतीत असणे ही आपल्या शहराची जुनी रीत आहे. अशा जागी बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे की नाही, हा प्रश्न मालक आणि मजूर दोघांच्याही लेकराबाळांचा आहे, म्हणून तो हजेरीपटावरच्या संख्येवर सोडता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

कायद्यात यासाठी जागा नाही असेही नाही. जुन्या कायद्याच्या कलम ८५ नुसार राज्य सरकार कमी कामगारांच्या जागेलाही कारखान्याचे नियम लावू शकत होते. नव्या संहितेत केंद्र सरकारने एखादे काम धोकादायक किंवा जीविताला घातक म्हणून अधिसूचित केले, तर दहाची अट तिथे उरत नाही. दाटीवाटीच्या इमारतीत सुताच्या साठ्याशेजारी चालणाऱ्या मागांसाठी अशी अधिसूचना काढावी, ही मागणी सोलापुरातल्या कामगार संघटनांनी आणि यंत्रमागधारकांनी मिळून करायला हवी. आडोसे, कानातली बोळी आणि दुसरा दरवाजा यांचा खर्च लहान मालकाला एकट्याने झेपणार नाही, त्यामुळे त्यासाठी अनुदानही त्याच अर्जात मागावे.

चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, हीही नव्या संहितेतली एक तरतूद आहे. वडिलांच्या कानांची पहिली तपासणी त्यांच्या एकसष्टाव्या वर्षी, माग सोडल्यानंतर, आम्ही पदरचे पैसे घालून करून घेतली. ऐकू येणे बरेच आधीपासून कमी होत गेले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. ते वडिलांना ऐकू गेले नाही, म्हणून मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून पुन्हा सांगितले.