जांबोटीच्या अलीकडे, काजूच्या एका झाडापाशी

पावसाळ्यातल्या शनिवारी बेळगावहून पिरनवाडी ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागलात की पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांना एकच घाई दिसते. चोर्ला घाट, धबधबा, जमलं तर गोवा. कुसमळीचा पूल कधी आला आणि मलप्रभा खालून कधी गेली, याचा गाडीतल्या निम्म्या लोकांना पत्ता नसतो. बारक्या किड्यांना जवळून मोठं करून टिपणारी मॅक्रो लेन्स हातात आल्यापासून माझं मात्र उलटं झालंय. मला आता जांबोटीसुद्धा लांब वाटते.

मित्राचं आजोळ जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. गणपती बोळवून झाले होते, भात पोटरीत आलं होतं आणि पावसाने उघडीप दिली होती. किड्यांच्या फोटोंसाठी या भागात याहून चांगले दिवस नाहीत. जुलैत इथे पाऊस असा कोसळतो की कॅमेरा पिशवीतून बाहेरच येत नाही. मृगात येणाऱ्यांना तांबड्या मातीवर लाल मखमली मृगकिडे भेटतात, पण त्यांचा मुक्काम थोडाच. भाद्रपदात पानापानाखाली कुणी ना कुणी बसलेलं असतं.

"भीमगडात नाही गेलात?" हा प्रश्न परत आल्यावर हमखास येतो. भीमगड अभयारण्य इथून जवळ, १९० चौरस किलोमीटरचं, २०११ साली घोषित झालेलं. तिथल्या बारापेडे गुहेतलं राॅटनचं वटवाघूळ १९१३ सालापासून जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पण आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि माझ्या कामाला त्याची गरजही नसते. परसातली अळूची पानं, भाताचा बांध, कुंपणाच्या निवडुंगावरचं जाळं एवढ्यावर माझा दिवस जातो. वाघाच्या मागे जाणाऱ्यांनी खुशाल जावं. माझा अनुभव असा की मॅक्रोवाला जितका कमी फिरतो तितके त्याला जास्त फोटो मिळतात.

तर मामांच्या घरामागे काजूची बाग आहे. तिच्या कडेच्या झाडावर तांबड्या मुंग्यांची घरटी दिसली आणि आम्ही तिथेच बसलो. या मुंग्या जिवंत पानं एकमेकांना शिवून घर करतात. दोन पानांत अंतर जास्त असलं तर एकीच्या कमरेला दुसरी, दुसरीच्या कमरेला तिसरी अशी साखळी करून पान ओढून आणतात. मग आतून एक मुंगी तोंडात पांढरी अळी धरून येते. अळीचं तोंड या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला, परत या कडेला. रेशीम काढते ती अळी. मोठ्या मुंगीला ते येत नाही. म्हणजे घर बांधायला बाळंच हत्यार म्हणून वापरतात. लेन्समधून ते पांढरं सूत ताणलेलं दिसलं तेव्हा मित्राने इतका वेळ श्वास धरून ठेवला की मीच त्याला हलवलं.

मामा शेणाची पाटी घेऊन चालले होते, ते थांबले.

"काय हुडकालासा त्या झाडात? काजू आता न्हाईत की."

"मुंग्यांचे फोटो काढालोय, मामा."

"आणि त्येच्यासाठी बेळगावास्नं आलासा? बेळगावात मुंग्या न्हाईत व्हय?"

यावर उत्तर नव्हतं. मामांनीच पाटी खाली ठेवून माहिती दिली. या मुंग्या असलेल्या झाडावर ढेकण्या नावाची कीड कमी येते, त्यामुळे मोहर वाचतो. पण काजू काढायला गेलं की चावून जीव नकोसा करतात. पलीकडे जोयड्याच्या बाजूला याच मुंग्यांची चिगळी चटणी करून खातात, हेही त्यांनीच सांगितलं. चावण्याचा अनुभव आम्हाला थोड्याच वेळात आला. नुसत्या चावत नाहीत, चावल्या जागी पोट वाकवून आम्ल सोडतात. शर्टाच्या बाह्या मनगटाशी रबराने बांधा, हा माझा एकमेव सल्ला.

आता खरी गोष्ट. खालच्या फांदीवर एक मुंगी बाकीच्यांपासून जरा बाजूला फिरत होती. चाल तीच, रंग तोच, पुढे शिंगं हलवणंही तेच. पण मी लेन्स जवळ नेली तशी ती वळली आणि तिने माझ्याकडे *बघितलं*. मुंगी असं बघत नाही. समोर दोन मोठे काळे डोळे, बाजूला आणखी बारके. तो कोळी होता! उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या घराण्यातला, मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस नावाचा, नेमक्या याच मुंग्यांचं सोंग घेणारा.

सोंग किती बारकाईचं, ते जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. कोळ्याच्या अंगाचे भाग दोन आणि मुंगीचे तीन, म्हणून पुढच्या भागाला मधे खाच पडून तो दोन भागांचा भासतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके आहेत, ते लांबून मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात. पाय आठ, त्यांतले पुढचे दोन उचलून शिंगांसारखे हलवत ठेवायचे, म्हणजे चालायला उरले सहा. आमच्यासमोरचा तर नर होता. त्याचे जबडे पुढे लांबलचक, टोकाशी फुगलेले. पाहणाऱ्याला वाटावं की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून नेते आहे. मुंग्यांच्या वाटेला मात्र तो जात नाही. एक मुंगी अंगावर यायला लागली तसा गड्याने पानावरून खाली उडी टाकली आणि सुताला लोंबकळत राहिला.

हे सगळं फोटोत आणायचं म्हणजे अडचण एकच, फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो ते. वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे एकास एक, अशी घेतली की लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक करूनसुद्धा जेमतेम मिलिमीटरभर पट्टा स्पष्ट येतो. डोळे धरले तर पोट गेलं, जबड्याचं टोक धरलं तर डोळे गेले. छिद्र आणखी बारीक करावं, तर एकास एकला एफ १६ म्हणजे प्रत्यक्षात एफ ३२ च्या तोडीचं होतं आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. म्हणून मी ऑटोफोकस बंद ठेवतो. अंतर पक्कं करायचं, कोपर मांडीला टेकवायचं आणि सगळं अंगच केसभर पुढे-मागे करत डोळे स्पष्ट झाले की बटण दाबायचं. फ्लॅशपुढे पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम लावलेला असतो. तो नसेल तर चकचकीत अंगावर पांढरे डाग येतात. फ्लॅशचा झोत इतका क्षणभराचा की हाताचा कंपही त्यात गोठून जातो. महागडी लेन्स हवीच असंही नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंगवर उलटी बसवली तरी जवळपास एकास एक मिळतं, फक्त किड्याच्या फार जवळ जावं लागतं.

काही मंडळी किडा डबीत घालून फ्रीजमध्ये गार करतात आणि मग निवांत फोटो काढतात. तसले फोटो माझ्या लगेच ध्यानात येतात. पाय आखडलेले, शिंगं मरगळलेली, आणि पान भलत्याच झाडाचं. स्प्रेच्या बाटलीने दव मारणाऱ्यांचं एक वेळ चालवून घेतो, हे नाही.

संध्याकाळी मामांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने पाय मोजले आणि "आठ हाईत की!" म्हणून मामींना हाक मारली. मग मामी, शेजारची दोन पोरं, असं सगळ्यांनी पाय मोजून झाले.

रात्री पतंग यावेत म्हणून ओट्यावर पांढरं धोतर बांधून दिवा लावला. बारीकसारीक बरंच आलं; लक्षात राहिला तो ओलिअँडर हॉकमॉथ नावाचा हिरवा पतंग. याच्या अळ्या कण्हेर आणि तगरीवर वाढतात, आणि मामींच्या अंगणात दोन्ही होत्या. लेन्सपुढे क्लोजअप फिल्टर लावून पंखावर गेलो तर नुसते खवले, खानापूरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले. जिथे चार निसटले होते तिथे खालचा पंखाचा उघडा पापुद्रा दिसत होता. दिवा मात्र दहाच्या आत बंद केला. रात्रभर ठेवला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि पहाटे कोतवाल पक्षी येऊन सगळ्यांची न्याहारी करतो.

सकाळी बांधावर टाचण्या, म्हणजे चतुरासारखे सडपातळ किडे, मिळाल्या, दवाने भिजलेल्या, गारठून हलायला तयार नसलेल्या. त्यांचे फोटो सोपे. अर्ध्या तासात ऊन आलं आणि त्या उडाल्या. जळवाही मिळाल्या, त्यांचे फोटो काढायची हौस कुणाला नव्हती.

सगळ्या नोंदी ठिकाण आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या आहेत. तिथे नुसतं 'कोळी' लिहिलं तरी कुणी जाणकार पुढचं नाव लावतो. झाड कुठलं तेवढं न चुकता लिहावं, निम्मी ओळख तिथेच पटते. एका शिंगवाल्या तुडतुड्याचं नाव अजून लागलेलं नाही: तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान, त्याच काजूच्या कोवळ्या फांदीवर, आणि त्याचा गोड रस प्यायला मुंग्या भोवती राखण करत होत्या. कुणाला ओळखता आला तर जरूर सांगा.